अभियोग-मंजुरी (लोकसेवकांवरील)

लोकसेवकाने पदाचे काम करताना केलेल्या कथित अपराधाची न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याकडून मिळवावी लागणारी परवानगी. ही माफी नव्हे. लोकसेवक दोषी आहे की नाही, हे मंजुरीने ठरत नाही.

मूळ : १८५० चा न्यायिक अधिकारी संरक्षण अधिनियम दिवाणी दाव्यांपुरता होता, म्हणून त्याला या तरतुदीचे मूळ मानणे योग्य वाटत नाही. ते एकोणिसाव्या शतकातील फौजदारी प्रक्रिया संहितांतच शोधावे लागते. १८९८ च्या संहितेतील मंजुरीविषयीच्या कलम १९७ ची शब्दरचना १९२३ मध्ये बदलली आणि ‘कर्तव्य बजावताना किंवा बजावत असल्याचे भासवताना’ केलेले कृत्य, ही कसोटी आली. पुढचा बहुतेक वाद या शब्दांभोवतीच आहे. होरीराम सिंग खटल्यात (१९३९) रुग्णालयातील औषधांच्या अपहाराला मंजुरी नको, पण हिशेबातील लबाडीला हवी, असा भेद फेडरल न्यायालयाने केला. त्या वेळी प्रश्न १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम २७० चा होता, तरी कसोटी तीच. गिल खटल्यात (१९४८) प्रिव्ही कौन्सिलने (त्या वेळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) सांगितले, की लाच घेणारा न्यायाधीश त्या क्षणी न्यायाधीश म्हणून वागत नसतो. मातजोग दोबे खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने कृत्य व कर्तव्य यांत वाजवी संबंध पुरेसा मानला. हीच कसोटी अधिक व्यवहार्य आहे. अन्यथा कोणताही अपराध कर्तव्याचा भाग नसतो, असे म्हणून संरक्षणच पोकळ ठरले असते.

व्याप्ती : शासनाच्या मंजुरीशिवाय पदावरून दूर करता येत नाही, अशांनाच कलम १९७ (१९७३ च्या संहितेतही हाच क्रमांक, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८) लागू होते, तलाठी त्यात बसत नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १९ ला मात्र ही मर्यादा नाही. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात (१९८४) न्यायालयाने, १९४७ च्या आधीच्या अधिनियमाखाली, दखल घेण्याच्या दिवशी आरोपी त्या पदावर नसेल तर मंजुरी नको, असे ठरवले. १९८८ च्या अधिनियमातील २०१८ च्या दुरुस्तीने निवृत्तांनाही संरक्षण मिळाल्यामुळे या निर्णयाचे महत्त्व घटले. त्याच दुरुस्तीतील कलम १७क नुसार पदाधिकारात केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय यासंबंधीच्या चौकशीलाही पूर्वमान्यता लागते. लाच घेताना सापळ्यात जागीच पकडल्यास लागत नाही. अशाच आशयाचे, वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरते असलेले दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाचे (सीबीआयला अधिकार देणाऱ्या कायद्याचे) कलम ६अ २०१४ मध्ये समतेच्या तत्त्वावर रद्द झाले होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. लैंगिक अपराधांना कलम १९७ चे कवच नाही, असे स्पष्टीकरण २०१३ मध्ये जोडले गेले.

मुदत : मंजुरीच्या फायली वर्षानुवर्षे पडून राहणे हा या व्यवस्थेचा सर्वांत गंभीर दोष होय. तक्रारदाराला नकार मिळाला तर तो आव्हान देऊ शकतो. मौनाला आव्हान देणे त्याला अधिक अवघड जाते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये, दंडाधिकाऱ्याने तपासाचा आदेश देण्यापूर्वीही मंजुरी आवश्यक केली, पण ९० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असे मानण्याची तरतूदही केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये ही मुदत १२० दिवस आहे. भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १९ मध्ये तीन महिने व वाढीव एक महिना सांगितला असला, तरी मुदत उलटल्यावर मंजुरी गृहीत धरण्याची तरतूद नाही.

इतर संरक्षण : कायद्याने आपण बांधील आहोत, असे वस्तुस्थितीच्या चुकीमुळे पण सद्भावनेने समजून केलेले कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ नुसार अपराध ठरत नाही. सद्भावना सिद्ध करताना फाइलीवरील कारणांसहित टिपणी आणि वरिष्ठांचा लेखी आदेश उपयोगी पडतात.