लोखंड टिकतं, रबर म्हातारं होतं

शारजा किंवा मस्कतच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तीन लाख किलोमीटर धावलेली लेक्सस एलएक्स ४७० उभी असली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंजिन कसं आहे?" तिथे नोकरीला असलेली आपली मराठी माणसंही हेच विचारतात. उत्तर बहुधा चांगलंच असतं. ४.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं हे पेट्रोल इंजिन बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकचं आहे आणि ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर तीन लाखांत त्याचं फारसं काही बिघडत नाही. पण अशी गाडी खिसा रिकामा करते ती इंजिनामुळे क्वचितच. ती करते होज पाईप, सील, बुश (सांध्यांत बसवलेल्या रबरी कड्या), ऑइल आणि चार गोळ्यांत कोंडलेल्या वायूमुळे. म्हणून मी ओडोमीटर सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो गाडीचं वय.

एलएक्स ४७० ही टोयोटाच्या लँड क्रूझर १०० ची उंची आवृत्ती. १९९८ ते २००७ या काळात ती निघाली, म्हणजे सगळ्यात धाकटी गाडीही आता विशीच्या आसपास आहे. धातूची झीज घर्षणाने होते आणि ती किलोमीटरवर अवलंबून असते. रबर, प्लास्टिक आणि ऑइल मात्र गाडी नुसती उभी असली तरी बदलत राहतात, कारण तिथे काम करतं ते रसायनशास्त्र.

कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली ते गंधकाबरोबर तापवलं आणि त्याच्या लांबलचक रेणूंना गंधकाच्या पुलांनी एकमेकांशी बांधून टाकलं. रबर ताणून सोडलं की मूळ आकारात येतं ते या पुलांमुळे. पुढे हवेतला ऑक्सिजन बहुतेक प्रकारच्या रबरात आणखी नको तेवढे पूल बांधत जातो. रेणूंना हलायला जागा उरत नाही, बुश कडक होतो, सील शाफ्टला धरून बसत नाही. ओझोनची तऱ्हा वेगळी. तो रेणूंमधल्या दुहेरी बंधांवर घाव घालतो, तेही ताणलेल्या जागी, म्हणून त्याच्या भेगा नेहमी ताणाच्या दिशेला आडव्या पडतात. एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी बूट वळणाच्या ठिकाणीच का फाटतं, याचं कारण हे.

यात उष्णता भर घालते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. आखातात उन्हाळ्यात सावलीत ४५ अंश असतात, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे तिथल्या गाडीचे होज पाईप आणि महाबळेश्वरच्या गाडीचे होज पाईप एकाच वर्षी बसवलेले असले तरी एका वयाचे नसतात. कोकण किनाऱ्यावरच्या गाडीला उष्णता कमी लागते, पण खारट दमट हवेने ती खालून गंजते. ओमानमध्ये वाळूसोबत खारट दलदलीतून फिरलेल्या गाडीचंही तेच, तिची चेसिस गोड्या पाण्याने धुतलीच पाहिजे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एका फुटकळ तुकड्याचं आहे. या गाड्यांत मागच्या सीटसाठी वेगळा हीटर असेल, तर इंजिनाच्या मागे फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ, प्लास्टिकचे दोन इंग्रजी टी आकाराचे जोड असतात. अमेरिकेतून आखातात आलेल्या गाड्यांत ते हमखास सापडतात. वर्षानुवर्षं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आतून वाहिल्यावर हे प्लास्टिक इतकं ठिसूळ होतं की पाईप काढताना हातात भुगा येतो. रस्त्यावर असताना तो तुटला तर सगळं कूलंट मिनिटभरात बाहेर. आणि इथे एक घातक गोष्ट घडते. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असतो. द्रवच निघून गेला की तो खरं तापमान दाखवीलच असं नाही, आणि काट्याच्या भरवशावर माणूस गाडी दामटत राहतो. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून अति तापलं की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं. किरकोळ किमतीच्या जोडापायी अख्खं इंजिन उघडावं लागतं. अशी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात हे जोड आणि आसपासचे पाईप बदलून टाकावेत, चांगले दिसत असले तरी. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीकडेही नजर टाकावी. नवी असताना ती काळी असते, पिकत गेली की तपकिरी पडते. तपकिरी टाकीला तडा कधी जाईल ते सांगता येत नाही.

इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्टही रबराचाच, आत काचेच्या धाग्यांची शिवण असलेला. दीड लाख किलोमीटरच्या सुमारास तो बदलायचा असतो. विकणारा "बदललाय" म्हणतो तेव्हा बिल मागावं. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरावं, आणि बेल्टसोबत वॉटर पंप, टेन्शनर, पुल्याही घालाव्यात, कारण खोलायची मजुरी एकच.

आता त्या वायूकडे येऊ. एलएक्स ४७० बटण दाबल्यावर उंच किंवा खुजी होते. पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) आणि मागे कॉइल स्प्रिंग आहेतच, पण गाडीचं थोडं वजन ऑइलच्या दाबावर तोललेलं असतं. प्रत्येक चाकाच्या शॉकअपला संत्र्याहून जरा मोठा धातूचा गोळा जोडलेला असतो. गोळ्याच्या आत एक पडदा, एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून गाडीला जी लवचिकता जाणवते ती या वायूची. पण कुठलाही लवचिक पडदा पूर्ण हवाबंद नसतो. नायट्रोजनचे रेणू त्यातून एकेक करून झिरपतात. वर्षं लोटली की वायू कमी होतो आणि मऊ चालणारी गाडी खड्ड्यात दाणकन आपटू लागते. पुष्कळ जण तेव्हा शॉकअप बदलायला घेतात आणि पैसे फुकट जातात.

गोळ्यात वायू किती उरलाय हे काहीही न खोलता कळतं. या यंत्रणेच्या ऑइलच्या टाकीवर बाजूला रेषा कोरलेल्या असतात. सपाट जागी इंजिन चालू ठेवून गाडी पूर्ण खाली घ्यायची, टाकीतली पातळी टिपायची. मग पूर्ण वर घ्यायची, ऑइल चाकांकडे गेल्याने पातळी उतरते, ती पुन्हा टिपायची. दोन्हींतला फरक सुस्थितीत चौदा रेषांच्या आसपास भरतो. तो सातवर आला की गोळे संपले असं जाणकार गॅरेजवाले धरतात.

हे कशामुळे घडतं? गाडी खाली असते तेव्हा स्प्रिंग जास्त दबलेले असतात, वजन तेच जास्त पेलतात आणि ऑइलवरचा दाब कमी असतो. गाडी वर गेली की स्प्रिंग सैल होतात, दाब वाढतो आणि गोळ्यातला वायू आकसतो. तो आकसला की मोकळ्या झालेल्या जागेत ऑइल शिरतं. बॉइलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो: तापमान तेच असेल तर दाब वाढेल तसं घनफळ घटतं. वायू भरपूर असेल तर आकसण्यातला फरक मोठा, वायूच उरला नसेल तर फरक नगण्य. तिथे आकसायला काही नाहीच. मला हा तपास फार आवडतो, कारण बंद पोलादी गोळ्यातल्या अदृश्य वायूचं मोजमाप टाकीवरच्या चार रेषांतून मिळतं.

गोळे नवे घातले तरी काम पुरं होत नाही. वीस वर्षांत टॉर्शन बार आणि स्प्रिंग थकतात, त्यांचा वाटा ऑइलवर येऊन पडतो आणि दाब वाढतो. पुढच्या बाजूला तो सात मेगापास्कलच्या आसपास असावा, म्हणजे चाकातल्या हवेच्या तीसेक पट. संगणक जोडून तो वाचता येतो. जास्त असेल तर टॉर्शन बारच्या टोकाचा बोल्ट आवळून वजन पुन्हा बारवर चढवायचं. हे केलं नाही तर नव्या गोळ्यांचे पडदेही लवकर जातात. कितीतरी लोक या खटपटीला कंटाळून ही सगळी यंत्रणा काढतात आणि साधे स्प्रिंग-शॉकअप बसवतात. गाडी चालते, पण मला ते पटत नाही. ज्या सुखासाठी ही गाडी घेतली, तेच काढून टाकल्यासारखं होतं.

एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. या यंत्रणेचं ऑइल खनिज तेलाचं असतं. त्यात ब्रेक ऑइल ओतलं तर सील खराब होतात, आणि ब्रेकच्या टाकीत खनिज तेल गेलं तर तिथलं रबर फुगून ब्रेकच अडकतात. दोन टाक्या एकाच बॉनेटखाली असतात, म्हणून झाकणावरची अक्षरं वाचल्याशिवाय कुणालाही काही ओतू देऊ नये.

रेंज रोव्हरने १९९२ साली खनिज तेलाऐवजी हवेचाच मार्ग घेतला. तिथे वजन रबरी पिशवीतली हवा पेलते आणि पिशवीच्या घडीवर भेगा पडतात. साबणाच्या पाण्याचा हात फिरवला की बुडबुडे गळती दाखवतात. वेळीच पिशवी बदलली नाही, तर ती गळती भरून काढता काढता कंप्रेसर जळतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ या दर्जाचं कोरडं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. ओमानमधल्या जबल अखदर डोंगरावर चौकीतून फक्त फोर व्हील ड्राइव्हच सोडतात, आणि माथ्यावरचं सैक पठार सुमारे २००० मीटर उंच आहे. अडीच टनांची गाडी तिथून ब्रेकवर उतरवली तर चाकाजवळ १४० अंश सहज होतात. ऑइल उकळतं, पाईपमध्ये वाफ साठते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ फरशीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा.

वाडी (आखातातलं, एरवी कोरडं असणारं नदीपात्र) किंवा ओढा ओलांडतानाही भौतिकशास्त्र आडवं येतं. लांब पल्ला मारून डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारी, ऑइल भरलेली गिअरपेटी) ८० अंशांवर गेलंय आणि ते ३० अंशांच्या पाण्यात बुडलं, तर आतल्या हवेचा दाब सातव्या हिश्शाएवढा घटतो. वरची श्वासनळी चिखलाने बुजलेली असेल, तर ही उणीव भरायला सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. पाण्यात उतरण्याआधी गाडी थोडी निवू द्यावी, नळी मोकळी आहे ना बघावं आणि घरी आल्यावर डिफरन्शिअलचा प्लग सैल करून ऑइलचे दोन थेंब काढावेत. ऑइल दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी बदलावं. एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या निपलमध्ये ग्रीसही तेव्हाच मारावं, जोवर जुनं मळकं ग्रीस क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या फुलीसारख्या सांध्याच्या) कडेने बाहेर येत नाही तोवर. सरकत्या जोडाला मात्र भसाभस ग्रीस भरू नये, शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही.

एवढं करून सुटे भाग आणायला गेलात की रबराचा प्रश्न तिथेही भेटतो. दुकानाच्या फळीवर दहा वर्षं पडलेला बेल्ट कोरा दिसतो, पण त्याच्यातही ऑक्सिजन शिरतच असतो. म्हणून "ओरिजिनल, जुना स्टॉक" म्हणून स्वस्तात दिलेलं रबर घेऊ नये, पाकिटावरची तारीख बघावी. टायरवर तर ती कोरलेलीच असते: कडेला डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मागच्या दारावर किंवा खाली टांगलेल्या स्टेपनीवरचे आकडेही वाचावेत. खोबणी नव्यासारखी असूनही तिथे बऱ्याचदा गाडीसोबत आलेला पहिलाच टायर निघतो.