पाटा वेल्डिंगच्या शेजारीच का तुटतो?

उसाचा सीझन सुरू झाला की ट्रॉल्यांचे पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या स्प्रिंगची पोलादी पानं, तुटायला लागतात, आणि मग ठरलेला वाद, परवाच वेल्डिंग मारून आणला, लगेच परत तुटला, वेल्डरने रॉडच हलका वापरला वगैरे. पण तो तुकडा हातात घेऊन नीट बघा. बऱ्याचदा जोड शाबूत असतो आणि तडा त्याच्या अगदी बाजूने, दोन-चार मिलिमीटरवरून गेलेला असतो.

खरा प्रश्न कार्बनचा आहे. साधा पत्रा, अँगल म्हणजे माइल्ड स्टील, त्यात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास, म्हणून ते निवांत वेल्ड होतं. पाट्याच्या स्टीलमध्ये तोच साधारण ०.५ ते ०.६ टक्के. एवढ्याशा फरकाने काय होतं? तर लोहार विळ्याला पाणी देतो ते आठवा, लालभडक पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं. वेल्डिंगमध्ये पाणी कोणी ओतत नाही पण जोडाशेजारची पट्टी लालभडक होते आणि बाकीचा थंडगार जाड पाटा तिची उष्णता काही सेकंदांत ओढून घेतो, म्हणजे पाट्यानेच तिला पाणी दिलं!

आता आतली गंमत, मला हा भाग फार आवडतो. थंड लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांत आणि एक मधोमध असतो. ९१२ अंशांच्या वर शुद्ध लोखंड ही मांडणी बदलतं, मधला अणू जातो आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक येतो (कार्बन असला की हे जरा कमी तापमानाला होतं). या मांडणीत २ टक्क्यांपर्यंत कार्बन मावतो, थंड मांडणीत ०.०२ टक्केसुद्धा जेमतेम. हळू थंड केलं तर कार्बन सरकत बाहेर येतो आणि लोखंडाशी संयुग करून वेगळे थर बनवतो. झटकन थंड केलं तर त्याला सरकायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि घन एका दिशेला ताणला जातो. हे मार्टेन्साइट, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. प्रचंड कडक पण ठिसूळ, शिवाय बनताना आकारमान सुमारे ४ टक्के वाढतं, म्हणजे आतून ताण वेगळाच. पाटा कारखान्यातही असाच कडक करतात, पण नंतर परत तापवून ठिसूळपणा उतरवतात. वेल्डिंगनंतर ते कोण करतं?

त्यात रॉड दमट असेल तर ओलाव्यातला हायड्रोजन या कडक पट्टीत शिरतो आणि तडा एखाद्या दिवसानेही पडू शकतो. संध्याकाळी ठणठणीत असलेला जोड सकाळी उभ्या गाडीत तडकलेला दिसला की लोक म्हणतात नजर लागली आणि लिंबू-मिरची बांधतात. नजर कसली, हायड्रोजन आहे तो, लो-हायड्रोजन रॉड भट्टीत गरम ठेवतात ते यासाठीच.

मग आधी तापवून वेल्ड करायचं का? बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तसंच करतात, आधी तापवायचं, नंतर राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यायचं, आणि ते चालतंही. पाट्याचं तसं नाही, तापवून मार्टेन्साइट टळलं तरी आसपासचं टेंपर, म्हणजे कारखान्यात कडक करून परत तापवून आणलेला गुण, उतरतं, तिथे पाटा मऊ पडतो आणि खड्ड्यांत रोज हजारो वेळा वाकून तिथूनच जातो. म्हणून पाटा बदलाच, आणि स्टेअरिंगचा टाय रॉड (चाकं वळवणारा दांडा), स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड आस) यांना तर वेल्डिंगचा रॉड लावूच देऊ नका.