शोध कुठे घ्यायचा? जीवशास्त्र आणि आरोग्यविज्ञानाच्या संदर्भसूच्यांची पार्श्वभूमी

लाल विंचवाचा दंश कोकणाला नवा नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याच्या लक्षणांविषयी लिहिले, १९८६ मध्ये प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर कसे उपयोगी पडते ते मांडले आणि २०११ मध्ये प्रतिविष व प्राझोसिन एकत्र देण्याची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. आता हाच विंचू प्राणिशास्त्राच्या बाजूने शोधायला घ्या. जुन्या निबंधांत तो 'बुथस टॅम्युलस' आहे, पुढच्या निबंधांत 'मेसोबुथस टॅम्युलस', आणि २००७ मधल्या वर्गीकरणानंतर 'हॉटेंटोटा टॅम्युलस'. एकच नाव टाकून शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती या सगळ्यातला एक तुकडा येतो, आणि तेवढेच काम झाले आहे असे त्याला वाटते.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहायची वेळ आली की एम.एस्सी.चे, नर्सिंगचे, एम.डी.चे विद्यार्थी विचारतात, 'कोणता डेटाबेस वापरू?' याचे उत्तर एका नावात देता येत नाही. हे डेटाबेस म्हणजे संदर्भसूच्या, कोणत्या विषयावरचा लेख कुठे छापला आहे ते सांगणाऱ्या याद्या. त्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या अडचणीपोटी तयार केल्या, आणि प्रत्येकीच्या मर्यादा तिच्या जन्मापासून तिला चिकटलेल्या आहेत.

सुरुवात प्राणिशास्त्रज्ञांनी केली. दरवर्षी नव्याने वर्णन झालेल्या प्राण्यांची नोंद ठेवणारे 'झूलॉजिकल रेकॉर्ड' लंडनमध्ये १८६४ च्या साहित्यापासून सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. प्राण्याचे नाव कधी, कोणी बदलले हे पाहायला त्याच्यासारखी जागा नाही. वैद्यकाची सूची आली ती लष्करातून. अमेरिकी यादवी युद्ध संपल्यावर जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यचिकित्सकाकडे सर्जन जनरलच्या कार्यालयातले छोटेसे ग्रंथालय सोपवले गेले. युद्धकाळातल्या रुग्णालयांचा उरलेला निधी त्यांनी पुस्तकांकडे वळवला. काही वर्षे हे ग्रंथालय वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरच्या इमारतीत होते, म्हणजे लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच वास्तूत. बिलिंग्ज आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट फ्लेचर यांनी जानेवारी १८७९ पासून 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची काढली. जगभरची वैद्यकीय नियतकालिके वाचून प्रत्येक लेख विषयवार मांडायचा, असे ते काम होते.

पैशाअभावी १८९९ मध्ये ती बंद पडली आणि १९०३ मध्ये पुन्हा उभी राहिली. मधली वर्षे मुंबईतल्या प्लेगच्या साथीची आहेत. त्या काळातल्या प्लेगवरच्या लेखनाचा माग काढायला बसलात, तर नेमकी तिथेच ही सूची गप्प होते. पॅरिसहून निघालेल्या 'बिब्लिओग्राफिया मेडिका'ने ती उणीव काही अंशी भरून काढली होती, एवढे माहीत असले तरी दिवस वाचतात.

बिलिंग्ज यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जनगणनेची आकडेमोड यंत्राने करण्याची कल्पना त्यांनी हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याला सुचवली होती, आणि त्यातून छिद्रित कार्डांचे यंत्र आले. पुढे १९६४ मध्ये ही सूची संगणकावर चढली, ती 'मेडलार्स' या नावाने. १९६० मध्येच बिलिंग्ज यांच्या त्या ग्रंथालयाने 'मेश' ही विषयशीर्षकांची यादी तयार करून ठेवली होती. लेखकाने 'हार्ट अटॅक' लिहिले असो वा दुसरे काही, सूची करणारा माणूस तो लेख 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या एकाच शीर्षकाखाली ठेवत असे. आज या सूचीच्या इंटरनेटवरच्या रूपात, म्हणजे पबमेडमध्ये, 'हार्ट अटॅक' टाकल्यावर योग्य लेख सापडतात ते त्या जुन्या मेहनतीमुळे. सुरुवातीला प्रश्न टपालाने पाठवायचा आणि उत्तराची काही आठवडे वाट पाहायची, अशी रीत होती. १९७१ मध्ये हीच सूची 'मेडलाइन' नावाने टेलिफोनच्या तारेवर आली, १९९६ मध्ये 'पबमेड' सुरू झाले आणि जून १९९७ मध्ये ते सर्वांसाठी मोफत झाल्याचे जाहीर झाले.

मात्र संगणकावरच्या या मेडलाइनच्या नोंदी बराच काळ १९६६ पासूनच्याच होत्या. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामिथोनियम हे रसायन श्वासावाटे देण्यात आले. त्यांतल्या २४ वर्षांच्या एका तरुणीची फुप्फुसे निकामी झाली आणि जूनमध्ये तिचा मृत्यू झाला. संशोधकाने आधी पबमेडमध्ये शोध घेतला होता. या रसायनाचा फुप्फुसांवर घातक परिणाम होऊ शकतो असे सांगणारे निबंध १९५० च्या दशकातले होते. छापील खंडांत त्यांची नोंद होती, पडद्यावर नव्हती. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. सांगताना दर वेळी आवाज जड होतो, तरी सांगते. पुढे १९४० च्या दशकापर्यंतच्या नोंदी पबमेडमध्ये आल्या. तरी त्यांना गोषवारा नसतो, आणि गोषवाऱ्यातला शब्द शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत.

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅमस्टरडॅमला 'एक्सर्प्टा मेडिका' ही गोषवाऱ्यांची मालिका निघाली. तिच्यातूनच आजचा 'एम्बेस' आला. औषधांवरचा शोध घ्यायचा तर तो पबमेडच्या जोडीला लागतोच. परिचारिकांना डॉक्टरांच्या सूचीत आपले विषय मिळत नव्हते. कॅलिफोर्नियातल्या एला क्रँडल या ग्रंथपाल १९४० च्या दशकात त्यांच्यासाठी साध्या कार्डांवर लेखांची नोंद ठेवत. त्यातून १९६१ मध्ये छापील सूची निघाली, तीच आजची 'सिनाल'. एका बाईच्या कार्डांच्या खोक्यातून नर्सिंगची जागतिक सूची उभी राहिली, याचे मला आजही अप्रूप वाटते. जीवशास्त्रासाठी १९२६ मध्ये जीवाणुशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या दोन गोषवारा-पत्रिका एकत्र करून 'बायॉलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स' झाले. पिके, कीटक, परिसंस्था असा विषय असलेला विद्यार्थी फक्त पबमेडवर थांबला तर त्याचे नुकसान होते, कारण ती मुळात वैद्यकाची सूची आहे.

युजीन गारफिल्ड या अमेरिकी माहितीशास्त्रज्ञाने वेगळीच वाट काढली. वकील जुन्या निकालाचा पुढे कुठे कुठे आधार घेतला गेला ते पाहतात, तसे शोधनिबंधांचे का करू नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' आला. 'वेब ऑफ सायन्स' हे त्याचेच पुढचे रूप. 'स्कोपस' आणि 'गूगल स्कॉलर' ही शोधसाधने दोन्ही २००४ मधली. गूगल स्कॉलरमध्ये सापडते पुष्कळ, पण कोणती नियतकालिके आत आहेत याची यादी तो देत नाही. म्हणून पद्धतशीर आढाव्याचा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे संशोधन गोळा करून तपासण्याचा, सगळा भार त्याच्यावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचे संशोधन या सूच्यांत किती उतरले, हा दुखरा विषय आहे. सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये एका भारतीय नियतकालिकात लिहिले होते. पश्चिमेकडच्या डॉक्टरांचे लक्ष मात्र मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आल्यावर गेले. मधली १८ वर्षे गेली. ही उणीव ओळखून १९५२ मध्ये दिल्लीत 'इन्सडॉक' हे वैज्ञानिक माहितीचे केंद्र स्थापन झाले आणि १९६५ पासून 'इंडियन सायन्स अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स' निघू लागले. भारतीय वनस्पती, स्थानिक आजार असा विषय असेल तर ग्रंथालयातले हे जुने खंड जरूर काढावेत.

२००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने खर्च उचलल्यामुळे उपचारांवरच्या पद्धतशीर आढाव्यांचा संग्रह असलेली 'कॉक्रेन लायब्ररी' भारतातल्या सर्वांना वाचायला खुली झाली. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेखाली सरकारी संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके मिळू लागली. विद्यार्थी इथे एक गल्लत करतात. ही योजना पूर्ण लेख वाचायला देते. कोणता लेख वाचायचा ते शोधायला सूचीच लागते, आणि खासगी महाविद्यालयात असाल तर दोन्हींसाठी आधी ग्रंथपालांना विचारावे लागते.

विंचवाकडे परत यायचे तर दंशावरच्या उपचारासाठी पबमेड आणि एम्बेस, रुग्णाच्या शुश्रूषेसाठी सिनाल, आणि प्राण्यासाठी झूलॉजिकल रेकॉर्ड, असा शोध घ्यावा. विंचवाची तिन्ही नावे 'ऑर'ने, म्हणजे 'किंवा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने, जोडून टाकावीत आणि कोणत्या तारखेला कुठे काय टाकले ते वहीत लिहून ठेवावे, म्हणजे गाइडने सहा महिन्यांनी विचारले तर तोच शोध पुन्हा करून दाखवता येतो.