पाचोळा कामात आहे

झाड पान टाकून देतं असं आपण म्हणतो, पण टाकण्याआधी ते पान चांगलं पिळून घेतं. हिरवा रंग उतरू लागतो तेव्हा आत आवराआवर चाललेली असते. प्रथिनं मोडून त्यांतला नायट्रोजन आणि सोबत फॉस्फरस फांदीकडे परत ओढला जातो. साधारण निम्मा ऐवज असा वाचतो. मग देठाशी पेशींचा एक पातळ थर सुटतो आणि पान खाली येतं.

कॅल्शियम मात्र झाडाला परत नेता येत नाही. ते पेशींच्या भिंतींत घट्ट बसलेलं असतं, आणि पानातून माघारी वाहणाऱ्या रसात ते जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे पिवळं पान नायट्रोजनच्या बाबतीत अर्धं रिकामं, पण कॅल्शियमने भरलेलं असतं. बागेतला पाचोळा झाडून पोत्यात भरला की हे कॅल्शियम फाटकाबाहेर जातं.

गेलं तर गेलं, असं वाटू शकतं. पण गोगलगाय आपला शंख कशाचा बांधते? कॅल्शियमचाच. आणि अंडी घालायच्या दिवसांत छोट्या पक्ष्यांच्या माद्या गोगलगायींच्या शंखांचे तुकडे शोधून खातात, कारण किड्या-अळ्यांत अंड्याच्या कवचापुरतं कॅल्शियम नसतं. नेदरलँड्समधल्या काही जंगलांत आम्लवर्षेमुळे मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं, गोगलगायी घटल्या आणि टिट जातीचे चिमुकले पक्षी पातळ, ठिसूळ कवचाची अंडी घालू लागले. संशोधकांनी तिथे शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्याच्या कवचांचे तुकडे ठेवले, तेव्हा अंडी सुधारली. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. तिथे दोष आम्लवर्षेचा होता, झाडूचा नव्हे. पण पान, गोगलगाय आणि अंडं यांची साखळी त्यातून लख्ख दिसते.

झाडूचा दोष असलेलं उदाहरणही आहे. मध्य युरोपात शेकडो वर्षं शेतकरी जंगलातला पाचोळा गोळा करून गोठ्यात अंथरायला नेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हे इतकं वाढलं की जंगलांची माती निःसत्त्व झाली आणि झाडांची वाढ खुरटली. शहरातल्या बागेत आपण हेच करतो, फक्त गोठ्याऐवजी पाचोळा कचरा डेपोत जातो. मग त्याच फाटकातून खताची पोती आत येतात. हा व्यवहार मला आजवर कळलेला नाही.

पान जमिनीवर पडलं की पहिल्या पावसात त्यातली साखर आणि पोटॅश विरघळून निघून जातं. उरलेल्या भागावर बुरशीचे धागे चढतात. बुरशी लागलेलं पान मऊ होतं, आणि मगच ते गोगलगायी, वाणी, गांडुळं यांना खायच्या लायकीचं वाटतं. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास बराचसा याच थरातला असतो. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन हे रसायन सोडतात, त्याचा तो गंध. आपल्याला तो सुखावतो, पण त्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे स्प्रिंगटेल, तिळाएवढे उड्या मारणारे जीव. वासाच्या मागावर ते येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून पुढे पसरवतात.

गांडुळांचं काम मात्र दांडगं. १८८१ साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या डार्विनचा अंदाज असा, की इंग्लंडमधल्या बऱ्याच ठिकाणी दर एकरी दहा टनांहून जास्त कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते. गांडुळं बिळात पान ओढताना निमुळतं टोक पुढे घेतात का, हे तपासायला त्याने कागदाचे त्रिकोण कापून ठेवले होते. बहुतेक वेळा ती निमुळत्या टोकानेच ओढत.

लाकडाची गोष्ट वेगळी, आणि फार सावकाश चालणारी. कुजवणाऱ्या जिवांना एका भाग नायट्रोजनमागे पंचवीस-तीस भाग कार्बन असलेलं अन्न सोयीचं पडतं. पाचोळ्यात हे प्रमाण बरंच जास्त असतं. लाकडात तर कार्बन नायट्रोजनच्या शेकडो पट. शिवाय त्यात लिग्निन असतं, लाकडाला ताठ ठेवणारं चिवट द्रव्य. ते पुरतं मोडण्याची कला मुख्यतः काही बुरशींनाच साधली आहे. ओंडका पांढरट आणि दोरेदार झाला असेल तर अशा बुरशीने लिग्निनही खाल्लं असं समजावं. तपकिरी होऊन चौकोनी फुटला असेल, तर आलेली बुरशी दुसरी. तिने सेल्युलोज नेलं आणि लिग्निनचा सांगाडा मागे ठेवला. एवढ्या निकृष्ट जेवणावर वाढायचं म्हणजे वेळ लागणारच. युरोपातल्या सांबरशिंगी भुंग्याच्या अळ्या कुजक्या लाकडात तीन ते सहा वर्षं काढतात आणि प्रौढ भुंगा जेमतेम एक उन्हाळा जगतो. आज उचललेला ओंडका म्हणजे त्या सहा वर्षांवर पाणी.

पोकळ झाड मरणाच्या दारात आहे, हाही एक गैरसमज. खोडाचा गाभा जिवंत झाडातही मृतच असतो. पाणी आणि रस वाहतात ते बाहेरच्या थरांतून. म्हणून गाभा कुजूनही झाड अनेक वर्षं पालवत राहतं आणि त्या ढोलीत घुबडं, पोपट, वटवाघळं राहतात. सुतारपक्ष्यालाही घर कोरायला गाभा मऊ झालेला लागतो.

पाचोळा कुजतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जाळला तर तोच वायू तासाभरात जातो, वर धूर मिळतो. कचऱ्याच्या ढिगात हवेविना दाबला तर मिथेन बनतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात अठ्ठावीसेक पट तापदायक.

सगळंच पडू द्यावं असं मात्र नाही. पायवाटेवरचा ओला पाचोळा घसरवतो, गटाराच्या जाळीवरचा पाणी तुंबवतो, हिरवळीवरचा जाड थर गवत मारतो. तो उचलून झाडांच्या बुंध्याभोवती पसरावा, खोडाला मात्र चिकटू देऊ नये. रोग लागलेली पानं वेगळी काढावीत. कोरड्या हवेत आगीची भीती असते, तिथे ढीग कुंपणापासून लांब हवेत. बाकाच्या किंवा घसरगुंडीच्या डोक्यावर वाळकी फांदी ठेवणं तर वेडेपणाच. पण म्हणून झाड मुळापासून उपटायची गरज नसते. धोक्याचा भाग उतरवून पुरुषभर उंचीचं खोड उभं ठेवता येतं, आणि कापलेले ओंडके तुकडे न करता सावलीत, जमिनीला टेकून ठेवता येतात. मातीला टेकलेलं लाकूड ओल धरतं. हवेत टांगलेलं नुसतं वाळतं.

असा ओंडका दिसला की उलटून खाली काय आहे ते पाहायचा मोह होतोच. जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. पण नंतर तो होता त्याच कुशीवर, होता त्याच खळग्यात ठेवा. खालची मंडळी अंधारातली आणि ओलीतली आहेत, ऊन त्यांना सोसत नाही.