कोविड पेशंटमध्ये रक्ताच्या गुठळ्या शोधायची तपासणी

कोविड छातीत उतरून ऍडमिट झालेल्या पेशंटच्या पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी तर झाली नाही ना, हे पेशंटची तशी काही तक्रार नसतानाही मुद्दाम शोधायचं, ती ही तपासणी. त्यात रक्ताची डी-डायमर टेस्ट, पायाचं डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) आणि गरज वाटली तर छातीचा सीटी अँजिओ (शिरेतून डाय देऊन रक्तवाहिन्यांचा स्कॅन) येतो.

हा विषय तापला २०२० मध्ये. नेदरलँड्सच्या आयसीयूंमधल्या १८४ पेशंटचा रिपोर्ट एप्रिलमध्ये आला, त्यात गुठळी होऊ नये म्हणून सगळ्यांना हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असूनही ३१ टक्के जणांना गुठळीचा त्रास झालेला दिसला, आणि त्यात सगळ्यात जास्त फुप्फुसातल्या गुठळ्या. फ्रान्समध्ये आयसीयूतल्या २६ जणांचे पाय सरसकट डॉपलरने बघितले तर १८ जणांत गुठळी निघाली. आकडा भयंकर आहे पण पेशंट मोजके आणि सगळे अति गंभीर, हेही लक्षात ठेवायला हवं.

गुठळी होते कशामुळे, तर पडून राहिल्याने रक्त संथ होतं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि सूज वाढली की रक्त गोठायचा कल वाढतो, ही तीन कारणं जुनीच आहेत, कोविडमध्ये तिन्ही एकदम जमतात. शिवाय मेलेल्या पेशंटची फुप्फुसं तपासली तेव्हा केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या फ्लूच्या मानाने ९ पट जास्त दिसल्या, म्हणजे गुठळी दरवेळी पायातूनच वर जाते असं नाही, फुप्फुसात जागच्या जागी पण होते, आणि पायाचं डॉपलर क्लीन आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ डी-डायमरने घातला. गुठळी विरघळताना फायब्रिनचे, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचे, जे तुकडे पडतात ते ही टेस्ट मोजते. पण ती इन्फेक्शनने वाढते, कॅन्सर, ऑपरेशन, गरोदरपण, नुसतं वय, कशानेही वाढते. नॉर्मल आली आणि डॉक्टरांना एरवीही शंका कमी असेल तर गुठळी नाही म्हणायला ती छान, वाढलेली आली तर एकटीवरून फार काही कळत नाही. एरवी दर मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमची मर्यादा धरतात, पन्नाशीनंतर वय गुणिले १० असा हिशोब करतात, पण तोही एका विशिष्ट युनिटमधला, दुसऱ्या युनिटमध्ये तोच आकडा साधारण निम्मा येतो. त्यात एक लॅब ०.५ लिहिणार आणि दुसरी ५००, दोन्ही एकच, फक्त एकात मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्यात नॅनोग्रॅम. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरोघरी हे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरत होते आणि युनिट न बघता माणसं हादरत होती.

डॉपलर त्यामानाने सरळ आहे. जांघेत आणि गुडघ्याच्या मागे जेल लावून प्रोब दाबायचा, चांगली शीर दाबली की चपटी होते, गुठळी असेल तर होत नाही, एवढंच बघायचं. अडचण असते ती पेशंट पालथा झोपवलेला असला की, मग जांघ हाताशीच येत नाही. सीटी अँजिओला तर व्हेंटिलेटरवरच्या माणसाला खाली न्यावं लागतं आणि किडनी बिघडलेली असेल तर डाय द्यायची भीती. भारतात अजून एक भानगड म्हणजे गर्भलिंग निदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा, पोर्टेबल सोनोग्राफी मशीनसुद्धा नोंदणी करूनच आणि ज्या आवारासाठी नोंदणी आहे तिथल्या पेशंटसाठीच वापरायचं.

मग सगळ्यांचंच डॉपलर करावं का? माझ्या मते नाही. माद्रिदच्या एका हॉस्पिटलने आयसीयूबाहेरचे, डी-डायमर १००० च्या वर असलेले १५६ पेशंट तपासले, २३ जणांत गुठळी सापडली पण त्यातल्या २२ पोटरीतल्या, वरच्या मोठ्या शिरेत फक्त एक. अशा पोटरीतल्या बऱ्याच गुठळ्या त्रास न देता जिरूनही जातात, आणि त्यांच्यासाठी फुल डोस ब्लड थिनर दिलं तर रक्तस्रावाचा धोका मात्र खरा. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या गाइडलाइनमध्येही लक्षणं नसताना सरसकट डॉपलर नको असंच सुचवलंय. एकच पाय सुजला, स्थिर असलेला ऑक्सिजन अचानक घसरला, पल्स उगाच वाढली, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसला, तर मात्र तपासणी करायला थांबायचं नाही.

तसंही ऍडमिट पेशंटला, रक्तस्रावाचा धोका नसेल तर, हेपरिनचा प्रतिबंधाचा डोस देतातच, तेच ते पोटावरचं इंजेक्शन ज्याने बेंबीच्या आजूबाजूला काळंनिळं पडतं. तपासणी न करताच सगळ्यांना फुल डोस द्यावा का यावर २०२१ मध्ये मोठ्या ट्रायल्सचे निकाल आले, वॉर्डातल्या पेशंटना थोडा फायदा दिसला, आयसीयूतल्यांना नाही. डिस्चार्जनंतरचं बघायचं तर ब्राझीलच्या ट्रायलमध्ये जास्त धोका असलेले ३२० जण घेतले, निम्म्यांना ३५ दिवस रिव्हरॉक्साबॅन ही ब्लड थिनरची गोळी १० मिग्रॅ दिली, निम्म्यांना काही नाही, आणि शेवटी डॉपलर आणि सीटी अँजिओ दोन्ही केलं, तेव्हा गुठळीचा त्रास किंवा त्यातून मृत्यू गोळी घेतलेल्यांत ३ टक्के आणि न घेतलेल्यांत ९ टक्के निघाला. पण ते निवडून घेतलेले पेशंट होते, घरीच बऱ्या झालेल्या माणसाला हा हिशोब लागू नाही.