जुन्या व्हिडिओ गेमच्या पेटीतला आवाज नेमका कुठे हरवतो?

सांगली-मिरजेच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 1990च्या दशकात उभ्या असलेल्या लाकडी पेट्यांपैकी ज्या थोड्या आज टिकून आहेत, त्या दुरुस्तीला काढल्या की आधी पडद्याकडे लक्ष जाते आणि आवाजाची पाळी आली की बहुतेक जण थेट मोठा स्पीकर विकत आणतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आवाज खेळाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर तयार होतो, ॲम्प्लिफायरच्या आयसीतून वाढतो, कंडेन्सरमधून पुढे जातो आणि शेवटी स्पीकरच्या कागदी शंकूवरून, म्हणजे कोनावरून, हवेत उतरतो. या वाटेवर तो कुठे अडला हे न पाहता घेतलेला नवा स्पीकर दोषासकट सगळे मोठे करून ऐकवतो.

बोर्ड मुळात काय देतो, हे पहिल्यांदा पाहावे लागते. 1972च्या ‘पाँग’मध्ये आवाजासाठी वेगळी चिप नव्हतीच, ॲल अल्कॉर्न यांनी चित्राच्या मंडलात आधीच धावत असलेले स्पंद स्पीकरकडे वळवून चेंडूचा ‘टक्’ मिळवला होता. 1980च्या ‘पॅक-मॅन’मध्ये तीन सूर एकाच वेळी वाजत आणि प्रत्येक सुराचा तरंग 32 बिंदूंनी रेखलेला असे, ज्यातला प्रत्येक बिंदू 16 पातळ्यांपैकी एका पातळीवर बसे. 1991च्या ‘स्ट्रीट फायटर टू’पर्यंत आले की यामाहाची वायएम2151 ही चिप भेटते. एका तरंगाने दुसऱ्या तरंगाची वारंवारता अतिशय वेगाने हलवली की मूळ सुरात नसलेले अनेक उपस्वर निर्माण होतात, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांच्या 1967 मध्ये लक्षात आले होते, आणि पुढे यामाहाने तेच तंत्र चिपमध्ये उतरवले. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा अशा बेताने घासतात की तार त्याला निसटती लागून एका सुरातून उपस्वरांचा पुंजका उमलतो; चिपमध्ये लाकूड नाही, तार नाही, पण उपस्वरांनी आवाज भरदार होतो ही गोष्ट तीच आहे.

‘स्ट्रीट फायटर टू’च्याच बोर्डावरच्या आरोळ्या आणि ठोसे मात्र वेगळ्या चिपमधून येतात. ओकी कंपनीची ही चिप आधी ध्वनिमुद्रित करून साठवलेल्या आवाजाचे नमुने सेकंदाला सुमारे 7,576 या गतीने वाजवते. नमुन्यांच्या गतीच्या निम्म्याहून अधिक वारंवारता अशा नोंदीत राहूच शकत नाही, त्यामुळे 3,800 हर्ट्झच्या वरचे काहीही त्या आरोळीत मुळात नसते. पेटीत महागडा ट्वीटर, म्हणजे तीक्ष्ण स्वरांसाठीचा छोटा स्पीकर, बसवला तर संगीत खुलेल, आरोळी स्पष्ट होणार नाही. तिच्याबरोबर येणारी खरखर तेवढी उठून दिसेल.

आता हरवण्याच्या जागा. पहिला संशयित इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आत द्रव असतो, तो वर्षानुवर्षे उष्णतेने आटत जातो, आणि तापमान 10 अंशांनी वाढले की अशा कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बंद पेटीच्या आत, पिक्चर ट्यूबच्या शेजारी काय होत असेल याचा अंदाज त्यावरून करता येतो. अनेक जुन्या बोर्डांवर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये असा एक कंडेन्सर असतो, जो एकदिश विद्युतप्रवाह अडवून फक्त आवाजाचा प्रवाह पुढे सोडतो. तो 470 मायक्रोफॅरडचा असेल आणि स्पीकर 8 ओहमचा असेल, तर साधारण 42 हर्ट्झच्या खालचे स्वर अडतात, आणि छोट्या स्पीकरला तेवढे खाली जाताही येत नसल्यामुळे बिघडत काहीच नाही. पण कंडेन्सर आटून त्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, दहावा हिस्सा उरली की हीच मर्यादा 420 हर्ट्झच्या वर सरकते. पुरुषी आवाजाचा पाया, ढोलासारखे ठोके, स्फोटाचा गडगडाट हे सगळे तिच्याखाली येते. ‘स्पीकर पत्र्यासारखा वाजतो’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण कित्येकदा काही रुपयांचा हा सुटा भाग असतो. तो बदलताना ध्रुव उलटे लावू नयेत आणि व्होल्टेजची क्षमता मूळ भागापेक्षा कमी घेऊ नये.

काही बोर्डांवर हा कंडेन्सर नसतो, कारण तिथे दोन ॲम्प्लिफायर स्पीकरला दोन्ही टोकांनी उलटसुलट ढकलतात. अशा बोर्डावर स्पीकरची ऋण तार म्हणजे ग्राउंड, म्हणजे मंडलाची सामाईक शून्य व्होल्टची तार, नव्हे. ती ग्राउंडला जोडली तर आयसी जळू शकते.

दुसरी जागा खुद्द पेटी. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. 100 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर असते, त्यामुळे पातळ फळीला वळसा घालून मागची लहर पुढे येते आणि दोन्ही एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. तीक्ष्ण स्वरांची लांबी काही सेंटिमीटर असल्यामुळे ते या गोंधळातून सुटतात. स्पीकरच्या मागे छोटी, हवाबंद खोकी प्लायची बसवली की तोच स्पीकर एकदम भारदस्त बोलू लागतो. खोकी फार लहान करू नये, कारण आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनाला अडवते आणि खालचे स्वर पुन्हा जातात. सांगलीत 2019च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या पेट्यांचा प्रश्न वेगळा आहे: भुशाच्या दाबीव फळ्या एकदा फुगल्या की सांधे सुटतात, स्क्रू धरत नाहीत, आणि अशी सैल फळी प्रत्येक ठोक्याला स्वतःच थरथरते. ती बदलण्याला पर्याय नाही.

गुणगुणीचे निदान सोपे आहे. आवाजाचे बटण शून्यावर नेऊनही ती तशीच राहिली तर दोष बटणाच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात असतो. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या पेटीत 100 हर्ट्झची गुणगुण बहुधा पुरवठ्याचे कंडेन्सर आटल्याचे सांगते, तर तिच्याहून जाड 50 हर्ट्झची गुणगुण ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्याचे.

एवढे झाल्यावर ॲम्प्लिफायरचा विचार करावा, आणि तोही जपून. 10 वॅटच्या जागी 20 वॅट बसवल्याने आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. मोठ्या स्पीकरचा मोठा चुंबक पिक्चर ट्यूबजवळ आला तर पडद्यावर रंगांचे डाग उमटतात, म्हणून चुंबकीय आवरण असलेलाच स्पीकर घ्यावा. ट्यूबवर वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो, तेव्हा तिच्या आसपासचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

दोन स्पीकरचा मोह शेवटी येतो. पेटी आणि बोर्ड यांच्यातली जोडणी ठरवणाऱ्या 1985च्या जामा मानकात 56 टोके आहेत, पण स्पीकरसाठी एकच जोडी. आपल्याकडे सगळे जण ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखत असलेला कॅपकॉमचा 1993चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ मात्र क्यूसाउंड तंत्राचा आहे, ज्यात दोनच स्पीकरमधून आवाज पडद्याच्या बाहेरून आल्याचा भास होतो. एका स्पीकरच्या पेटीत तो भास होणे शक्यच नाही. अस्सल बोर्डावरून डावा-उजवा आवाज वेगळा काढता येत असेल, तर पडद्याच्या वरच्या फळीत दोन्ही टोकांना एकसारखे दोन स्पीकर बसवणे हा खर्च मला रास्त वाटतो. भास नीट होतो तो दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर उभ्या असलेल्यालाच, आणि या खेळात तिघे एकदम खेळू शकतात, त्यामुळे मधल्या जागेवरून थोडी ओढाताण होईल.