पाणी घातलं आणि जिन दुधाळ झाली

झाकणभर डेटॉल बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. बाटलीत डेटॉल मधासारखं पारदर्शक, पाणीही स्वच्छ; मग पांढरं कुठून आलं? लहानपणी पडलेला हा प्रश्न मी कधीच सोडून दिला होता. गेल्या वर्षी मावसभावाने न्यूझीलंडहून व्हॉट्सअ‍ॅपवर एका पेल्याचा फोटो पाठवला आणि तो पुन्हा वर आला.

न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती दारू घरी गाळायला 1996 पासून कायद्याने परवानगी आहे. (आपल्याकडे तो गुन्हा आहे, तेव्हा इथे कुणी भट्टी मांडायला जाऊ नये.) भावाने जिन केली होती. भट्टीतून उतरली तेव्हा ती 75 टक्के अल्कोहोलची होती, काचेसारखी नितळ. ती 40 टक्क्यांवर आणायला त्याने पाणी घातलं आणि पेल्यात ताक तयार झालं. खाली एकच ओळ : "बिघडली का रे?"

बिघडली नव्हती. जिनला वास येतो तो ज्युनिपरची फळं, धने, संत्र्याची साल यांतल्या सुगंधी तेलांचा. ही तेलं अल्कोहोलमध्ये आनंदाने विरघळतात, पाण्याशी मात्र त्यांचं जमत नाही. पाणी वाढत जातं तशी मिश्रणाची तेल धरून ठेवायची ताकद कमी होते, आणि ती सरळ रेषेत नाही, धाडकन कमी होते. निम्मं पाणी झालं म्हणून निम्मं तेल विरघळलेलं राहील असं नाही. त्याच्या कितीतरी आधीच तेल बाहेर पडू लागतं. ते तवंग होऊन वर न येता साधारण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) असंख्य थेंबांच्या रूपात जागच्या जागी लटकून राहतं. हे थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात आणि डोळ्यांना पांढरं दिसतं. डेटॉलच्या बादलीत हेच होतं. तिथे पाइनचं तेल आणि क्लोरोझायलेनॉल हे जंतुनाशक अल्कोहोल-साबणाच्या आधाराने बाटलीत नांदत असतात. बादलीत तो आधार सुटतो.

ग्रीसच्या ऊझो नावाच्या दारूत हीच करामत अ‍ॅनेथोल हा तेलकट पदार्थ करतो. आपल्या बडीशेपेचा वास मुख्यतः त्याचाच. तुर्कस्तानात राकी नावाच्या दारूत पाणी घातलं की ती दुधाळ होते, तिला 'सिंहिणीचं दूध' म्हणतात. 2003 साली विटाले आणि कॅट्झ या संशोधकांनी या प्रकाराला 'ऊझो इफेक्ट' असं नाव दिलं. गंमत अशी की कुठलंही घुसळण नाही, साबण नाही, तरी हे थेंब बराच काळ टिकतात. मेयोनीज करताना हात दुखवून घेतलेल्या कुणालाही याचा हेवा वाटेल.

खात्री करायला भावाला मी त्या दुधाळ जिनचे तीन छोटे पेले भरायला सांगितले. पहिला गरम पाण्याच्या वाटीत धरायचा (गॅसवर नव्हे, अल्कोहोलची वाफ पेट घेते). दोन-तीन मिनिटांत तो नितळ झाला आणि गार झाल्यावर पुन्हा धुरकटला. दुसऱ्यात पाणी न घातलेली जिन चमचा-चमचा घालायची, तोही निवळला. तिसरा रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी तळाशी काही बसलं नव्हतं. म्हणजे तेलच. बोअरच्या पाण्यासारखं जड पाणी वापरलं असतं तर गोष्ट वेगळी. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, त्यातले कॅल्शियमचे क्षार अल्कोहोल मिसळल्यावर आणखीच कमी विरघळतात. काही तासांनी किंवा काही दिवसांनी ते भुकटीसारखे तळाशी बसतात आणि गरम करून जात नाहीत. त्याला इलाज डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी. आणि ओतल्या-ओतल्या दिसणारा, पाच-दहा मिनिटांत आपोआप निघून जाणारा धूसरपणा म्हणजे निव्वळ हवेचे बुडबुडे. पाणी-अल्कोहोल एकत्र आले की मिश्रण थोडं तापतं आणि विरघळलेली हवा सुटते. त्याकडे बघायचंही नाही.

स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांनी तर या गढूळपणालाच कामाला लावलंय. तिथल्या पारंपरिक पद्धतीत भट्टीतून उतरणारी दारू कुलूपबंद काचेच्या पेटीतून वाहते. कामगाराला तिला हात लावता येत नाही, चव घेता येत नाही. मग तो बाहेरूनच दांडा फिरवून धार एका भांड्यात घेतो आणि पाणी सोडून ती 45.7 टक्क्यांवर आणतो. गढूळ झाली तर अजून थांबायचं. कारण आधीच्या खेपेच्या शेवटच्या धारेतली तेलकट आम्लं तांब्याच्या नळ्यांना चिकटलेली असतात आणि नव्या खेपेची तीव्र धार ती धुऊन आणते. पाणी घालूनही नितळ राहिली की मगच 'मधली धार' पिंपाकडे वळवायची. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे केवढं कौतुक. तिथे पहिली धार मुकाट्याने परत भट्टीत जाते.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे : नितळ म्हणजे शुद्ध. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं आणि जराही गढूळपणा दिसत नाही. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. पाणी घालून पाहायची परीक्षा तेल पकडते, विष नाही.

भावाकडे दोन सोपे रस्ते होते : साल आणि ज्युनिपर कमी घालून नव्याने गाळायची किंवा पाणी कमी घालायचं. व्हिस्कीतही बरेच कारखाने हाच दुसरा रस्ता धरतात. 46 टक्क्यांच्या वर ठेवली की थंडीत ती सहसा धुरकटत नाही, नाहीतर गार करून फिल्टरमधून काढावी लागते आणि त्यात थोडा स्वादही जातो. भावाने 48 वर बाटल्या भरल्या. बाटली स्वच्छ, पण टॉनिक ओतलं की पेला पुन्हा दुधाळ. पाहुण्यांना वाटतं, लिंबू पिळलंय. तोही काही बोलत नाही.